दक्षिणेचं दार

नाईकतांडा, ता. मानोरा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. निता हिस,
काकाचा जय सेवालाल.

तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. राग मानू नकोस. गिरणी चालू असली की मला काही ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी फोनवर सांगितलेली मापं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून लिहितो. पत्र नीट ठेव.

आपल्या वाशिमकडच्या मालेगावचे राजपाल चव्हाण, खतं-बियाण्यांचे दुकानवाले, काल तुझ्या भावाच्या, नवीनच्या सोयरिकीसाठी घर पाहायला आले होते. सोबत त्यांचा मेव्हणा आणि मुलगी तनुजा. मुलगी वाशिमला दवाखान्यात नर्स आहे हे तुला माहीत असेलच. चेहऱ्यानं शांत आहे, पण डोळे सगळीकडे. नवीननं नवा शर्ट घातला होता आणि तुझी आई, सुंदरबाई, सकाळपासून चुलीशी होती. तुमचं-माझं आडनाव एकच, पण शाखा लांबची. तरी घर दाखवायचं काम नवीननं माझ्यावर सोपवलं. दुसऱ्या कुणावर सोपवणार? तुमच्या हवेलीवर छापील पुस्तिका तालुक्यात एकच आहे आणि ती माझी आहे.

मी त्यांना थेट दक्षिणेच्या दारापाशी नेलं. रोज तुम्ही ज्यातून ये-जा करता त्या पूर्वेच्या बाजूच्या दारातून पाहुण्याला आत घेणं म्हणजे पुस्तक मधूनच उघडण्यासारखं आहे. मोठं दार गेली कित्येक वर्षं कुलपातच असतं. सुंदरबाईंकडून किल्ली घेतली, बिजागऱ्यांना तेल दिलं, दोन्ही फळ्या उघडल्या. साडेदहा फूट उंच, सात फूट रुंद. कमानीचा दगड घडीव, सांध्यात पातं जाणार नाही. कमानीवर देवळाच्या घंटांची कोरलेली माळ. दोन्ही बाजूंचा दगड कमरेच्या उंचीला काचेसारखा गुळगुळीत, कारण दीडशे वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यानं भक्तीनं हात टेकला. हे सगळं मी पुस्तिकेत लिहिलंय, तेच त्यांना सावकाश समजावलं.

मग होकायंत्र काढलं. लोक अंदाजानं दिशा सांगतात, ते मला चालत नाही. राजपालजींच्या तळहातावर यंत्र ठेवलं आणि म्हणालो, “पाहा, काटा काय म्हणतो. या घराचे मूळपुरुष, तांड्याचे नाईक रामसिंग यांनी त्या काळी भरभक्कम हवेली बांधली आणि मुख्य दार ठेवलं दक्षिणेला! अशुभ-बिशुभ काही मानलं नाही. असा माणूस तालुक्यात दुसरा झाला नाही.”

राजपालजी इतके गुंगून गेले की पुढे एक शब्द बोलले नाहीत. एवढंच विचारलं, “पक्कं दक्षिणच?” मी म्हणालो, “पक्कं. केसभरही इकडे-तिकडे नाही.”

त्यांचा चहा तसाच गार झाला, पण माणसाला इतिहासाची गोडी लागली की असं होतं. नवीनचं जमलं असं धर.

तुझा काका,
उदयसिंग राठोड


नाशिक
२६ नोव्हेंबर २०२४

ती. उदयसिंग काकांस,
निताचा जय सेवालाल.

पत्र मिळालं. चहा इतिहासामुळे गार झाला नव्हता, काका.

राजपाल चव्हाणांनी परवा मध्यस्थाकडून निरोप पाठवला. मुलगा चांगला आहे, शेती चांगली आहे, आईही चांगली आहे. पण दक्षिणमुखी घरात पोरगी देणार नाही. त्यांनी अकोल्याच्या कुणा वास्तूवाल्याला विचारलं. तो म्हणाला, अशा घरात पहिली सून टिकत नाही. काका, आमच्या घराचं तोंड दक्षिणेला आहे ही गोष्ट आजवर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. आम्ही लहानपणापासून पूर्वेच्या दारानं आलो-गेलो. यांना कुणी सांगितलं, असं मी आईला विचारणार होते, तेवढ्यात तुमचं पत्र आलं. होकायंत्रासकट.

मी रागावलेली नाही. नाही, रागावलेली आहे. नवीन तेहतीस वर्षांचा आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको, आपल्याच तांड्यात चाळिशी गाठलेली कितीतरी मुलं आहेत. याआधी दोन ठिकाणी ‘मुलगा पुण्यात नोकरीला असता तर’ म्हणून नकार आला. ही पहिली मुलगी, जिला नवीनचं शेतीत असणं आवडलं. ते दोघं फोनवर बोलतात. हे आईला माहीत नाही, तुम्हीही सांगू नका. नवीन फोनवर हसताना मी फार दिवसांनी ऐकला.

काका, तुम्ही एकदा मालेगावला जा. सांगा की चूक झाली, दार दक्षिणेला नाही, आग्नेयेला आहे, काय वाटेल ते सांगा. तुमचा शब्द त्यांनी खरा मानला, तसाच दुसराही मानतील.

तुमची,
निता


नाईकतांडा
२ डिसेंबर २०२४

चि. निता हिस,
जय सेवालाल.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गिरणी बंद ठेवून वाचलं.

नवीनचं वाईट वाटतं. तरी तू सांगतेस ते माझ्याच्यानं होणार नाही. दार दक्षिणेला आहे. मी आग्नेय म्हणालो म्हणून भिंत फिरणार नाही. मी दहावी नापास माणूस आहे. मला जे येतं ते टेप, ओळंबा आणि होकायंत्र यांच्या जोरावर येतं. वाशिमचे एक प्राध्यापक हवेली पाहायला आले होते. त्यांनी भिंत अडीच फूट म्हणून लिहून घेतली, मी त्यांना दोन फूट नऊ इंच करायला लावली. ते वैतागले, पण खोडून लिहिलं. आता मीच मोजलेलं खोटं आहे असं सांगत फिरू? मग माझ्याजवळ उरलं काय?

आणि चूक राजपालजींची आहे. दिशेनं सून टिकत नसती तर तुझी आई कशी टिकली? तुझी आजी कशी टिकली?

आता नवीनचं ऐक. परवा त्यानं दिग्रसहून गवंडी बोलावला. दक्षिणेचं दार विटांनी बुजवायचं आणि पूर्वेचं दार फोडून मोठं करायचं, असा बेत. मला कळलं तेव्हा मी तसाच पीठ भरल्या अंगानं गेलो. गवंडी पूर्वेच्या भिंतीवर खडूनं रेघा मारत होता. मी म्हणालो, “थांब. ही भिंत बाहेरून वीट आणि आतून पांढरी माती आहे. वर माडीचा सगळा भार हिच्यावर. इथं भोक पाडलं तर माडी अंगणात येईल.”

गवंडी म्हणाला, “मंग टेकू देऊन करू.”

“टेकू कुठं देशील, दाखव.”

त्याला दाखवता येईना. नवीन मात्र शांत होता. म्हणाला, “काका, तुमची कमान बाजूले ठेवा बावा. मले लग्न पाह्यजे.”

मी खडूच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या आणि घरी आलो. गवंडी सोमवारी परत येणार आहे. तू नवीनला समजाव. तो तुझं ऐकतो.

उदयसिंग काका


नाशिक
९ डिसेंबर २०२४

ती. काकांस,

नवीनशी बोलले. गवंड्याला पंधरा दिवस पुढे ढकललं आहे, त्याहून जास्त नवीन थांबणार नाही. तो तुमच्यावर चिडलेला नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, “काकाचं खरंच असंल. पन खरं घेऊन मी काय करू?”

आता मी थोडं बोलते. तुम्ही विचारलंत, तुमच्याजवळ उरलं काय. काका, मी सातवीत होते तेव्हा तुम्ही माझ्याकडून हवेलीचा नकाशा काढून घेतला होतात. मी खांब एक कमी काढला म्हणून पान फाडायला लावलंत. मी रडले. मग तुम्हीच दुसरं पान आणून माझ्याबरोबर चौकात बसलात आणि सगळे खांब हात लावून मोजायला लावले. आज मी बँकेत कामाला आहे आणि माझ्या टेबलावरचा हिशेब चुकत नाही, तो त्यामुळे. तेव्हा तुम्ही खोटं बोला असं मी परत म्हणणार नाही. आधी म्हणाले ते रागात म्हणाले.

पण एक विचारते. तुम्ही दाराची उंची लिहिली, रुंदी लिहिली, दिशा लिहिली. आई लग्न होऊन आली तेव्हा ती कोणत्या दारातून आत आली? आजी कोणत्या दारातून आली असेल? सुनेनं उंबऱ्यावरचं माप लवंडून आत यायचं असतं, मग माप कुठे ठेवलं होतं? हे तुमच्या पुस्तिकेत कुठेच नाही. मी शोधलं. आईला मी फोनवर विचारू शकते, पण तुम्ही विचारा. समोर बसून विचारा, आणि टेप घरी ठेवून जा.

तनुजानं मला फोन केला होता. तिचे वडील वाईट नाहीत. तिची मोठी आत्या लग्नानंतर वर्षभरात गेली, बाळंतपणात. ते घरही दक्षिणमुखी होतं म्हणे. तेव्हापासून त्यांच्या मनात ते बसलं आहे. हे तुमच्या कानावर घालते, पण त्यांच्यासमोर काढू नका.

निता


नाईकतांडा
१५ डिसेंबर २०२४

चि. निता हिस,
जय सेवालाल.

तू विचारलंस तसं केलं. टेप घरी ठेवून गेलो.

सुंदरबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही लग्न होऊन आल्या तेव्हा कोणत्या दारातून आत आल्या?”

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “कोन्या दारातून म्हंजे? दारातून.”

“मोठ्या दारातून की या पूर्वेच्या?”

“ते मोठं थोडीच दार हाय घराचं! ते त ढोराचं हाय. मी आली तवा बैल बांधेल राहेत त्या बाजूनं. नवी सून ढोराच्या दारानं काहून आनतीन?”

मी म्हणालो, “वहिनी, मी इतकी वर्षं या दारावर बोलतो, लिहितो, लोकांना आणून दाखवतो. तुम्ही एकदाही सांगितलं नाही?”

त्या म्हणाल्या, “तुमी इचारलं कवा? तुमी त सांगत होते. मले वाटलं पुस्तकात तसंच लिहा लागते.”

मग मी दाराकडे गेलो, हात रिकामे, आणि खाली पाहिलं. निता, मी या दारात हजार वेळा उभा राहिलो असेन, पण माझी मान नेहमी वर. कमानीला उंबराच नाही! काढून टाकलेला नाही, मुळातच नाही. उंबरा बसवायला दगडात खाच लागते, ती खाच नाही. फरशी आतून बाहेर जराशी उतरती गेली आहे, पाणी वाहून जावं तशी, गोठ्याला असते तशी. पूर्वेच्या दाराला हातभर उंच सागवानी उंबरा आहे, दोन्ही बाजूंना दिवा ठेवायचे कोनाडे आहेत, कोनाड्यांत जुनी काजळी आहे. माणसाचं दार ते आहे.

आणि कमरेच्या उंचीचा तो गुळगुळीत दगड, ज्याला मी भक्तीचा हात म्हणालो! आपल्या बंजारा लोकांची लदेणी होती, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचा धंदा. बैलाच्या दोन्ही अंगांना गोणी लोंबायची. ती आत येताना दगडाला घासायची, आणि लदेणी बंद झाल्यावर ढोरं अंग खाजवायची. कोरलेल्या घंटाही देवळाच्या नाहीत. तोंडाशी पसरट आहेत, बैलाच्या गळ्यातल्या आहेत. रेल्वेनं आणि गाडीरस्त्यांनी लदेणी मोडत आली होती, त्याच सुमारास रामसिंग नाईकांनी घर बांधलं. ज्यांच्या पाठीवर घर उभं राहिलं त्या बैलांना त्यांनी साडेदहा फुटांची कमान दिली आणि स्वतःला वाकून जायचं दार ठेवलं. तुझ्या वडिलांनी पुढे, हयात असताना, ढोरं शेतातल्या गोठ्यात नेली, इकडचं अंगण झाडून घेतलं, दार रंगवलं, कुलूप लावलं. पाहणाऱ्याला ते मुख्य दार वाटायला लागलं.

तू म्हणशील, काका, तुम्ही तर याच तांड्यातले, लहानपणी बैल पाहिले नाहीत? माझे आई-बाप ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की ट्रकमध्ये, ते थेट उन्हाळ्यात परत. मी हवेली पाहिली ती बाहेरून. तिच्या दक्षिणेला आमच्या झोपड्या होत्या. आत जायचं काही कारण नसे, आणि आलो तरी अंगणापुढे नाही. त्या वयात ती कमान मला एवढी मोठी दिसायची की तिच्यातून ढोरं जाताना दिसली तरी ती मुळात राजांसाठीच असणार, असं मी धरूनच चाललो. पुढे टेप हातात आला तेव्हाही मी तेच धरलेलं मोजलं.

नवीनला आज सांगितलं. त्यानं उंबऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, “म्हंजे आपलं घर पूर्वमुखीच हाय? अन् मी माडी पाडून राह्यलो होतो!” गवंड्याला त्यानंच फोन केला.

पुस्तिका चुकली. शंभरेक प्रती लोकांच्या घरी आहेत. आता कोणत्या तोंडानं मालेगावला जाऊ, तेवढं सांग.

उदयसिंग काका


नाशिक
२२ डिसेंबर २०२४

ती. काकांस,

ज्या तोंडानं दक्षिण सांगितलीत त्याच तोंडानं जा.

तुमचं पत्र मी मुलांना वाचून दाखवलं. धाकटा म्हणाला, बैलांना एवढं मोठं दार आणि खापरपणजोबांना एवढंसं? मी म्हणाले, हो. त्याला ते फार आवडलं. त्यानं बैलाला मुकुट घालून चित्र काढलं आहे, सोबत पाठवते. बैलाला पाय पाच आहेत. तेवढं चालवून घ्या.

काका, एक सांगायचं राहिलं. लहानपणी मी त्या मोठ्या दारामागे लपायचे. तिथं शेणाचा वास यायचा. दार बंद, ढोरं नाहीत, तरी पावसाळ्यात वास यायचा. मला तो आमच्या घराचाच वास वाटायचा, मी कुणाला विचारलंच नाही. तेव्हा चूक एकट्या तुमची नाही.

राजपालजींकडे जाताना पुस्तिका नेऊ नका. आईच्या हातचं काहीतरी न्या.

निता


नाईकतांडा
१२ जानेवारी २०२५

चि. निता हिस,
जय सेवालाल.

तुझ्या मुलाचं चित्र गिरणीत लावलंय. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी म्हणतो, रामसिंग नाईकांचा बैल. पाय मोजून तेही हसतं.

आता सगळं क्रमानं लिहितो. बोलणं बहुतेक आपल्या गोरमाटी बोलीत झालं, पण तुझ्या मुलांनाही वाचता यावं म्हणून इकडच्या मराठीत लिहितोय.

मालेगावला दुकानावर गेलो. सुंदरबाईंनी दिलेले तिळाचे लाडू पुढे ठेवले आणि उभ्यानंच सांगितलं, “राजपालजी, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. दिशा बरोबर होती, दार चुकीचं होतं.” मग बैल, उंबरा, गोणी, सगळं.

ते खताच्या पोत्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, “आधी तुमी म्हनले दक्षिण. आता म्हन्ता पूर्व. उद्या येऊन सांगसान का घरच नाही तथी.”

“घर आहे. येऊन पाहा.”

“अन् एवढी मोठी कमान ढोराले? कोनाले सांगता?”

मला तुझ्या पत्रातली त्यांच्या बहिणीची गोष्ट आठवली. ती बोललो नाही. एवढंच म्हणालो, “मी मोजणारा माणूस आहे, राजपालजी. दुकानात बसून माझं ऐकू नका. स्वतः पाहा, घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन या, मग नाही म्हणा. त्यावर मी एक शब्द बोलणार नाही.”

एक शब्द बोलणार नाही, हे ऐकून त्यांना पहिल्यांदा माझ्याबद्दल बरं वाटलं असावं.

काल ते आले. सोबत तनुजा, मेव्हणे, आणि गाडीच्या मागच्या सीटवरून हळूहळू उतरली त्यांची आई, भागिरथाबाई. ऐंशीच्या पुढची बाई, दोन्ही हातांत दंडापर्यंत जुन्या बांगड्या, बोलणं एकदम खणखणीत. नवीन पाया पडला तर म्हणाली, “उंच हायेस बावा. वाकाची सवय ठेव.”

राजपालजींनी पूर्वेचं दार नीट पाहिलं. कोनाड्यात बोट घालून काजळी काढून पाहिली. उंबरा पाहिला. माझ्याकडे यंत्र मागितलं. मी नेलंच नव्हतं. मग स्वतःच्या मोबाइलवर दिशा पाहिली. पूर्व निघाली. चेहरा थोडा उतरला, कारण त्यांना आता भांडायला काही राहिलं नव्हतं. तेवढ्यात त्यांना सापडलं. म्हणाले, “हे ठीक हाय. पन मोठं दार दक्षिणेलेच हाय ना? उघडं त राहीनच. ते बुजवा, मंग पुढचं बोलू.”

नवीननं माझ्याकडे पाहिलं. मी शब्द दिला होता, गप्प राहिलो. सुंदरबाई उंबऱ्याच्या आत पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, त्यांनी तो खाली ठेवून दिला. एवढे दिवस त्या काही बोलल्या नव्हत्या, पण हेही मोडलं तर त्या पुन्हा कुणा पाहुण्यासाठी चूल पेटवणार नाहीत, हे मला तेव्हा दिसलं.

भागिरथाबाईंना पाय धुवायला बोलावलं. त्यांनी उंबऱ्याशी येऊन एक पाय उचलला, गुडघा धरला, पाय खाली ठेवला. पुन्हा उचलला. “एवढा उंच कायले केला व?” तनुजानं हात दिला, तरी जमेना. म्हातारी वळली आणि भिंतीला हात लावत चालू लागली. आम्हाला वाटलं झाडाखाली बसायला चालली. ती घराला वळसा घालून दक्षिणेच्या दारापाशी गेली. दार मी सकाळी उघडून ठेवलं होतं. सलग फरशी, पायरी नाही, उंबरा नाही. म्हातारी त्या कमानीखालून चालत आत गेली आणि चौकात खांबाला टेकून बसली.

राजपालजी आईमागे धावले. “याडी, ते ढोराचं दार हाय!”

“मंग?” आतून आवाज आला. “बैल नसते त तू कुठून आला असता रे? माह्या सासऱ्याच्या आज्याची लदेणी होती. तवाच्या बायाईनं बैलाच्याच मांगं चालत मुलूख पाह्यला. अथून बरं आहे. पाय उचला लागत नाही. पानी आना.”

तनुजानं एकदा वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, “आजी आत गेली बाबा. तिची गोळीची वेळ झाली.” आणि पर्स घेऊन तीही त्याच कमानीतून गेली. मेव्हणे गेले. ड्रायव्हर गेला. बाहेर उन्हात मी आणि राजपालजी.

ते मला हळूच म्हणाले, “उदयसिंगभाऊ, खरं सांगा. काही होनार त नाही ना?”

बहिणीचं दुःख होतं त्या विचारण्यात. दिशेचं यंत्र त्याला लागू पडत नाही. मी म्हणालो, “माझ्या वहिनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं इथं नांदल्या. दोन लेकरं झाली, दोन्ही सुखरूप. तुमची मुलगी दवाखान्यात काम करते, तिचं अडलं-नडलं पाहायला अख्खं घर आहे. यापलीकडे मला माहीत नाही.”

त्यांनी कमानीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “मी पूर्वेनंच जातो.” आणि निघाले. चौकट उंचीला पाच फूट दोन इंचच आहे, हे मी सांगणार होतो. पण एक शब्द बोलणार नाही असं कबूल केलेलं, म्हणून दोन क्षण थांबलो, आणि तेवढ्यात खाडकन आवाज आला.

आत गेलो तर राजपालजी उंबऱ्यावर बसलेले, कपाळावर टेंगूळ. सुंदरबाईंनी ओला फडका दिला. तनुजानं डोळे तपासले, दोन बोटं दाखवून किती म्हणून विचारलं. नवीन बर्फ आणायला शेजारी पळाला.

भागिरथाबाई खांबाला टेकूनच म्हणाल्या, “मी त्या दारानं आली, मले काही झालं नाही. तू शुभ दारानं आला अन् कपाळ फोडून घेतलं. आता कोनतं बुजवाचं ते सांग.”

आधी तनुजा हसली. मग तुझी आई, पदर तोंडाला लावून. मग फडका डोळ्यांवर ओढून राजपालजी. किती वेळ हसत होते ते कळलं नाही, कारण शेवटी शेवटी ते हसणं राहिलं नव्हतं. भागिरथाबाई कशाबशा उठल्या, त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. नवीन बर्फ घेऊन दारातच थांबला.

मग जेवणं झाली. राजपालजींनी स्वतःहून दुसऱ्यांदा भाकरी मागितली. मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख धरली आहे. तू आठ दिवस आधी ये, मुलांनाही आण.

निघताना सुंदरबाईंनी तनुजाला विचारलं, “माय, माप कोन्या दारात ठेवू?” निघायला उठलेले सगळे तिच्याकडे वळले. राजपालजीसुद्धा.

तनुजानं दोन्ही दारं पाहिली. म्हणाली, “माप या उंबऱ्यावरच ठेवा, मी येईन याच्यावरून. पन वरात मोठ्या दारानं आना. मी एकटी थोडीच येऊन राह्यली? सगळेच त येतीन.”

तुझा काका,
उदयसिंग